रांगेत डबा ठेवा आणि खेळायला जा!



रविवारची सकाळ. आई हातात गव्हाचा डबा देते आणि म्हणते, "जा, दळण टाकून ये." तुम्ही तोंड वाकडं करता, पण जाता. गिरणीत पाहता तर काय, आपल्या आधी दहा-बारा डबे! मग तुम्ही काय करता? आपला नंबर येईपर्यंत त्या पिठाच्या धुरळ्यात उभे राहता? छे! डबा रांगेत ठेवता, "गहू आहेत, बारीक दळा" असं सांगता, काका डब्यात चिठ्ठी टाकतात आणि तुम्ही धूम ठोकता मैदानाकडे. तासाभराने जाऊन पीठ घेऊन येता.

यातली गंमत लक्षात आली का? रांगेत तुमच्याऐवजी तुमचा डबा उभा होता!

मोठमोठ्या वेबसाइट अगदी हीच युक्ती वापरतात. तिला म्हणतात 'बॅकग्राउंड जॉब क्यू'. बॅकग्राउंड म्हणजे पडद्यामागे, जॉब म्हणजे काम आणि क्यू म्हणजे रांग. पडद्यामागच्या कामांची रांग! ही रांग लावायची कशी, त्यात किती कामगार ठेवायचे, काम बिघडलं तर काय करायचं, हे सगळं कुणीतरी आधी ठरवून द्यावं लागतं. आज आपण ते ठरवणाऱ्याच्या खुर्चीत बसणार आहोत. चला तर!

गोल गोल फिरणारं चक्र

समजा, एका शाळेत १,२०० मुलं आहेत. परीक्षा झाली, गुण भरून झाले. आता ऑफिसातल्या बाईंनी शाळेच्या वेबसाइटवर एक बटण दाबलं: 'सर्वांची प्रगतिपुस्तकं पालकांना पाठवा.'

बटण एकच, पण आत काम केवढं! एकेका मुलाचे गुण गोळा करायचे, बेरीज करायची, प्रगतिपुस्तकाचं पान तयार करायचं आणि ते ई-मेलने पाठवायचं. एका मुलाला २ सेकंद लागले असं धरू. १,२०० गुणिले २ म्हणजे २,४०० सेकंद. म्हणजेच ४० मिनिटं!

आता ज्या प्रोग्रॅमने बटणाचा निरोप घेतला, त्यानेच हे सगळं करायचं ठरवलं तर? बाईंच्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसणार. आणि ४० मिनिटंसुद्धा फिरणार नाही बरं का! पुष्कळ वेबसाइटच्या दाराशी 'एंजिनएक्स' नावाचा एक द्वारपाल प्रोग्रॅम असतो. मुद्दाम वेगळं सांगितलं नसेल, तर तो आतून उत्तर येण्याची ६० सेकंद वाट पाहतो. मग "आतून काही उत्तर नाही" असं सांगून मोकळा होतो. पडद्यावर आकडा दिसतो ५०४.

बाई बिचाऱ्या गोंधळात. किती प्रगतिपुस्तकं गेली? कुणाची राहिली? आतला प्रोग्रॅम कधी तसाच चालू असतो, तर कधी अर्ध्यावर थांबलेला असतो. बाहेरून कळायला मार्ग नाही. मग त्या काय करतात? पुन्हा बटण दाबतात. झालं! काही घरी दोन-दोन प्रगतिपुस्तकं आणि काही घरी एकही नाही.

आता गिरणीची युक्ती लावू. निरोप घेणारा प्रोग्रॅम स्वतः काहीच दळत नाही. तो फक्त १,२०० चिठ्ठ्या लिहितो, रांगेत लावतो आणि बाईंना सांगतो, "काम घेतलं हं!" एवढ्याला फारसा वेळ लागत नाही. दळणारे कामगार मागे वेगळे असतात. ते एकेक चिठ्ठी उचलतात आणि काम करतात. बाई तोवर दुसरं काम करायला मोकळ्या.

२०२ म्हणजे काय रे भाऊ?

'४०४' हा आकडा तुम्ही पाहिला असेल. 'असं पान इथे नाही' असा त्याचा अर्थ. वेबवरचे प्रोग्रॅम एकमेकांना अशा आकड्यांत उत्तरं देतात. काम झालं की २००. पण याच यादीत '२०२' नावाचा एक कमी प्रसिद्ध आकडा आहे. १९९६ साली छापलेल्या वेबच्या नियमांतही तो होता. त्याचा अर्थ मोठा छान आहे: 'तुमचं काम स्वीकारलं आहे, पण अजून झालेलं नाही.'

किती प्रामाणिक उत्तर आहे पाहा! गिरणीवाले काका डबा ठेवून घेताना "दळून झालं" म्हणत नाहीत. "ठेवा, दळून ठेवतो" म्हणतात. रांगेची युक्ती वापरणाऱ्याने ही पहिली गोष्ट मनावर कोरून ठेवायची. 'घेतलं' आणि 'झालं' हे दोन वेगळे शब्द आहेत. आणि 'घेतलं' म्हटलं की तो शब्द झाला. आता तो पाळायलाच हवा. पुढची सगळी खटपट आहे ती हा एक शब्द पाळण्यासाठी!

चिठ्ठीवर काय लिहायचं?

तुम्ही म्हणाल, मुलाचं नाव, पत्ता, सगळे गुण, फोटो, सगळंच लिहून टाकू. नको! चिठ्ठी छोटी हवी. 'प्रगतिपुस्तक बनवा, विद्यार्थी क्रमांक ४५७' एवढं पुरे. बाकीची माहिती शाळेच्या मोठ्या वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, आहेच. कामगार क्रमांक पाहून तिथून घेईल.

का बरं? समजा, चिठ्ठी लिहिल्यावर पाच मिनिटांनी सरांना कळलं की ४५७ क्रमांकाच्या मुलाचे गणिताचे गुण ६८ ऐवजी ८६ हवेत. त्यांनी वहीत दुरुस्ती केली. चिठ्ठीवर जुने गुण लिहिले असतील, तर जुनेच जातील! चिठ्ठीवर नुसता क्रमांक असेल, तर कामगार नवे गुण घेईल.

आणखी एक खबरदारी. आधी वहीत नोंद पक्की करायची आणि मगच चिठ्ठी रांगेत टाकायची. कामगार फार चपळ असतात. नोंद पक्की व्हायच्या आतच एखाद्याने चिठ्ठी उचलली, तर त्याला वहीत काहीच सापडत नाही. डब्यात गहू पडायच्या आधीच डबा जात्याशी पोहोचला, तर काका काय दळणार?

चिठ्ठ्या ठेवायच्या कुठे?

अशा चिठ्ठ्या ठेवायला बऱ्याच ठिकाणी 'रेडिस' नावाचा प्रोग्रॅम वापरतात. साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रॅमरने तो २००९ साली जगासमोर आणला. तो भलताच वेगवान आहे, कारण तो सगळं संगणकाच्या स्मरणात, म्हणजे मेमरीत, ठेवतो. पण वीज गेली की मेमरी कोरी! मग आपल्या शब्दाचं काय?

म्हणून इथे दोन गोष्टी ठरवून द्याव्या लागतात. पहिली: आलेली प्रत्येक चिठ्ठी डिस्कवरच्या रोजनिशीतही लिहीत जा. ही रोजनिशी चालू केली, की रेडिस साधारण दर सेकंदाला ती डिस्कवर पक्की करतो. म्हणजे वीज गेलीच तर शेवटच्या एखाद्या सेकंदातलंच काय ते जाईल.

दुसरी गोष्ट आणखी मजेची. जागा भरली तर काय करायचं, हेही रेडिसला सांगता येतं. 'जुनं टाकून दे आणि नव्याला जागा कर' असं सांगता येतं, किंवा 'काही टाकू नकोस, नवं घ्यायला नकार दे' असं सांगता येतं. नुसत्या सोयीसाठी ठेवलेल्या नकला असतील तर पहिलं चालेल. पण रांगेसाठी? गिरणीत जागा संपली म्हणून काकांनी तुमचा डबा रस्त्यावर ठेवून दिला तर चालेल का? "आता दळण घेत नाही, संध्याकाळी या" म्हणणं केव्हाही बरं. म्हणून रांगेसाठी दुसरी सूचनाच द्यायची.

कामगार किती हवेत?

रुबी नावाच्या संगणकभाषेत लिहिलेल्या वेबसाइटसाठी 'साइडकिक' नावाचा एक प्रसिद्ध रांगवाला प्रोग्रॅम आहे. अमेरिकेतल्या माइक परहॅम यांनी तो २०१२ साली आणला. पायथन भाषेतल्या वेबसाइट 'सेलरी' वापरतात. हो, सेलरी ही एक पालेभाजीही आहे! साइडकिकच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ असते: एका वेळी किती कामं करायची? काहीच लिहिलं नाही, तर सातव्या आवृत्तीपासून तो ५ धरतो. आपल्या शाळेचं काम ५ जणांत वाटलं, तर ४० मिनिटांचं ८ मिनिटांत होईल.

मग ५ कशाला, ५०० लिहू की! थांबा. प्रत्येक कामगाराला मोठी वही उघडायला लागते आणि त्या वहीशी एका वेळी ठरावीकच जणांना बसता येतं. ५०० कामगार आणि वहीशी जागा २०, तर ४८० जण हात चोळत उभे. शिवाय प्रत्येकाला थोडीथोडी मेमरी लागतेच. गिरणीत एकाच मोटरवर दहा जाती लावली तर काय होईल? फ्यूज उडेल!

मग बरोबर आकडा कसा काढायचा? पाटी-पेन्सिल घ्या. समजा, दर मिनिटाला १०० कामं येतात आणि एका कामाला २ सेकंद लागतात. एक कामगार मिनिटाला ३० कामं करतो. तीन कामगार ९० कामं करतील. म्हणजे मिनिटाला १० कामं शिल्लक. तासाभरात शिल्लक ६००! चौथा कामगार आला, की मिनिटाला १२० कामं होतात. म्हणजे २० जास्त. ती साठलेली ६०० कामं संपवायला त्यांना आणखी ३० मिनिटं लागतील. पाहिलंत? एक कामगार कमी पडला, तर तासाभराचा गोंधळ निस्तरायला अर्धा तास जातो.

मग येणारं काम आणि होणारं काम अगदी समसमान ठेवलं तर? तिथेच खरी फसगत आहे! डेन्मार्कमधल्या कोपनहेगन टेलिफोन कंपनीत आग्नेर क्रारूप एर्लांग नावाचे गणिती काम करत. लोक फोन केव्हा करतील हे कुणाला सांगता येतं? कधी एकदम दहा जण, कधी एकही नाही. मग तारा किती टाकायच्या? १९०९ साली त्यांनी यावरचं आपलं गणित प्रसिद्ध केलं आणि त्यातूनच रांगांचं शास्त्र उभं राहिलं. आज टेलिफोनची वर्दळ मोजायच्या एककाला 'एर्लांग' असंच नाव आहे.

हे शास्त्र काय सांगतं पाहा. एकच कामगार आहे, कामं केव्हाही येतात आणि लहानमोठी असतात असं धरू. तो कामगार निम्मा वेळ कामात असेल, तर त्याच्याकडे सरासरी १ काम असतं. ९० टक्के वेळ कामात असेल, तर सरासरी ९ कामं असतात. आणि ९९ टक्के वेळ असेल तर? सरासरी ९९! म्हणून कामगाराला थोडा मोकळा वेळ मिळेल असाच आकडा ठरवायचा. दिवाळीत भाजणीचे डबे आले की गिरणीत काय होतं ते आठवा. वर्षभर जेमतेम पुरणारी गिरणी त्या आठवड्यात अजिबात पुरत नाही.

एक रांग की तीन?

मिरची-मसाल्याला डंक वेगळं असतं. गव्हाच्या जात्यावर कुणी मिरची टाकत नाही. का ते सांगायला नको! कामांचंही तसंच आहे.

समजा, १,२०० प्रगतिपुस्तकं रांगेत आहेत आणि तेवढ्यात एका बाबांनी फी भरायला घेतली. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, जायला हवा. तो आकडा थोडाच वेळ चालतो. त्याची चिठ्ठी १,२०० चिठ्ठ्यांच्या मागे लागली, तर तो पोहोचेल तेव्हा शिळा झालेला असेल.

म्हणून तीन रांगा करायच्या: तातडीची, नेहमीची आणि सावकाशीची. मात्र 'तातडीची रांग संपल्याशिवाय दुसरीकडे पाहायचंच नाही' असा कडक नियम केला, तर कधीकधी सावकाशीच्या रांगेला कुणी हातच लावत नाही. साइडकिकमध्ये रांगांना वजन देता येतं. तातडीला ४, नेहमीच्याला २ आणि सावकाशीला १. म्हणजे कामगार तातडीच्या रांगेकडे चौपट वेळा पाहतो, पण गरीब बिचाऱ्या शेवटच्या रांगेलाही अधूनमधून वळण मिळतं. घाई असणाऱ्याला आधी घ्यावं, पण मागच्याला विसरू नये!

जमलं नाही तर पुन्हा

कामगाराने ई-मेल पाठवायला घेतली आणि नेमकी ई-मेलची सेवाच बंद पडली. चिठ्ठी फाडून टाकायची? नाही. पुन्हा प्रयत्न करायचा. पण लगेच आणि सारखा सारखा नाही हं! झोपलेल्या माणसाचं दार दर सेकंदाला वाजवून काय उपयोग?

साइडकिकची पद्धत अशी. आधी किती वेळा पुन्हा प्रयत्न झाला तो आकडा घ्या, त्याचा चौथा घात करा आणि १५ मिळवा. तेवढे सेकंद थांबा. पहिल्यांदा बिघडलं तर आकडा शून्य, म्हणून १५ सेकंद. मग १६. मग २ चा चौथा घात १६, अधिक १५, म्हणजे ३१. मग ९६. मग २७१, म्हणजे साडेचार मिनिटं. असे एकूण २५ प्रयत्न. शेवटच्या प्रयत्नाआधी तो पावणेचार दिवसांहूनही जास्त थांबतो! सगळ्यांची बेरीज केली, तर २० दिवसांहून थोडं जास्त होतं. सातवी-आठवीतल्या दोस्तांनी ही बेरीज करून पाहायला हरकत नाही.

या सेकंदांत तो आणखी थोडे सेकंद मनाला येईल तसे मिसळतो. कशासाठी? नाहीतर एकदम बिघडलेली १,२०० कामं एकाच क्षणी परत येऊन धडकतील. मधली सुट्टी झाली की पाण्याच्या नळावर जे होतं, तेच!

आणि दोनदा झालं तर?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. कामगाराने चिठ्ठी उचलली आणि मध्येच तोच बंद पडला. काम झालं की नाही?

ॲमेझॉनच्या 'एसक्यूएस' या रांग-सेवेची युक्ती पाहा. कामगाराने चिठ्ठी उचलली, की ती रांगेतून काढून टाकत नाहीत, काही वेळ लपवून ठेवतात. वेगळं सांगितलं नसेल तर ३० सेकंद. तेवढ्यात "झालं" असा निरोप आला, की चिठ्ठी काढून टाकायची. नाही आला, तर ती पुन्हा दिसू लागते आणि दुसरा कामगार उचलतो. छान! पण काम ४० सेकंदांचं असेल तर? पहिला कामगार काम करतोच आहे आणि ३० सेकंदांनी दुसऱ्यानेही तेच घेतलं! म्हणून लपवायची वेळ कामापेक्षा मोठी ठेवायची. एवढं करूनही कधीतरी एखादं काम दोनदा होणारच, असं धरून चालायचं. आपल्या साध्या रांगेबद्दल ही सेवा स्वतःच सांगते की चिठ्ठी 'निदान एकदा' मिळेल. 'नेमकी एकदाच' असं त्या रांगेबद्दल ती म्हणत नाही.

मग उपाय? काम असं लिहायचं, की एकदा केलं काय नि दोनदा केलं काय, फळ एकच! खोलीतला दिवा घ्या. 'दिव्याचं बटण उलटं करा' असं दोघांना सांगितलं, तर पहिला दिवा लावेल आणि दुसरा बंद करेल. 'दिवा लागलेला नसेल तर लावा' असं सांगा. मग दहा जणांना सांगितलं तरी उजेडच!

'खात्यातून ५०० रुपये कापा' ही धोक्याची चिठ्ठी. 'पावती क्रमांक ८१२ चे ५०० रुपये कापले नसतील तर कापा आणि तशी नोंद करा' ही शहाणी चिठ्ठी. पहिलीत एखाद्या घरचे १,००० रुपये जातील. महिनाअखेरीला ते ५०० रुपये कुणाच्या घरात किती मोठे असतात, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला दिसत नाही. म्हणून त्याने ते आधीच ओळखायला हवं.

एक हजार दोनशेवा

आता आपल्या शाळेत परत येऊ. रांग लागली, पाच कामगार धावले, आठ मिनिटांत १,१९९ प्रगतिपुस्तकं गेली. एक राहिलं. त्या मुलाच्या फोटोची फाइल खराब होती, म्हणून त्याचं पानच तयार होईना. रांगेमुळे बाकीच्यांचं काम अडलं नाही, ही चांगली गोष्ट. कामगाराने २५ वेळा पुन्हा प्रयत्न केला. पण खराब फाइल थांबल्याने थोडीच सुधारते?

मग साइडकिक ती चिठ्ठी एका वेगळ्या कप्प्यात ठेवतो. तिथे ती सहा महिने राहते. माणसाने येऊन पाहावं, दुरुस्ती करावी आणि चिठ्ठी पुन्हा रांगेत सोडावी, यासाठी! पण तो कप्पा कुणी उघडलाच नाही तर? सहा महिन्यांनी चिठ्ठीही जाते.

१,२०० पैकी १,१९९. परीक्षेत एवढे गुण मिळाले तर आपण नाचू! पण त्या एका घरी काय चाललं असेल? "सगळ्यांचा निकाल आला, तुझाच का नाही? लपवतोस की काय?" असं त्या मुलाला ऐकावं लागत असेल. त्याची काही चूक नसताना! त्याच्यासाठी हे काम शंभर टक्के राहिलेलं आहे.

म्हणून शेवटची सेटिंग सगळ्यात महत्त्वाची आणि ती कुठल्याही प्रोग्रॅममध्ये आपोआप येत नाही. एका माणसाचं नाव ठरवायचं. त्याने रोज तो कप्पा उघडायचा. रांग ठरावीक मर्यादेपेक्षा लांबली, किंवा सर्वांत जुनी चिठ्ठी फार वेळ पडून राहिली, की त्याला लगेच निरोप जाईल अशी सोय करायची. संगणक पुन्हा पुन्हा प्रयत्न करेल. पण 'हा एक का राहिला?' असं विचारायला माणूसच लागतो.

आईबाबांसाठी दोन ओळी

फी किंवा फॉर्म भरताना चक्र फिरत राहिलं, तर घाईने पुन्हा बटण दाबू नका. आधी बँकेचा संदेश किंवा वेबसाइटवरची पावत्यांची यादी पाहा. आणि पडद्यावर 'स्वीकारले' किंवा 'प्रक्रिया सुरू आहे' असं असेल, तर ते 'पूर्ण झाले' नव्हे. अर्जाचा क्रमांक लिहून ठेवा आणि नंतर एकदा आठवणीने पाहा. ती तुमच्या डब्यातली चिठ्ठी आहे.

करून पाहा

पुढच्या वेळी दवाखान्यात किंवा रेशनच्या दुकानात रांगेत उभे राहाल, तेव्हा एक प्रयोग करा. तुमच्या पुढे किती माणसं आहेत ते मोजा. मग घड्याळ लावून पाच मिनिटांत किती जणांचं काम होतं ते पाहा. समजा पुढे २४ माणसं आणि पाच मिनिटांत १० जण झाले, म्हणजे मिनिटाला २. तर तुमचा नंबर साधारण १२ मिनिटांनी. रांगेतली माणसं, त्यांचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांचं हे साधं नातं अमेरिकेतले जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केलं. तुमचा अंदाज आणि खरी वेळ यांत किती फरक पडला, ते वहीत लिहा. फरक का पडला असेल, तेही लिहा.

या आठवड्याचं कोडं

खालच्यापैकी कोणती कामं चुकून दोनदा झाली तरी बिघडत नाही?

१. लिफ्टचं बटण दाबणं.
२. आमटीत चमचाभर मीठ घालणं.
३. 'खिडकी उघडी असेल तर बंद कर.'
४. दाराची कडी उलटी फिरवणं, म्हणजे लागलेली असेल तर काढणं आणि काढलेली असेल तर लावणं.
५. फळ्यावर आजची तारीख लिहिलेली नसेल तर लिहिणं.

उत्तरं पुढच्या अंकात. पण उत्तराबरोबर कारणही लिहायचं हं! आणि जी कामं दोनदा झाली की बिघडतात, ती न बिघडतील अशा शब्दांत पुन्हा लिहून दाखवायची. आमटीचं तेवढं जरा जपून, नाहीतर आई माझ्यावर रागावेल!